समलिंगी जोडपी जोडीदार कसा निवडतात, हे अभ्यासायला तीस जोडपी पुरतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही समलिंगी जोडप्यांची जोडीदार-निवड हा विषय घेतला आहे. गृहीतक असं, की घरच्यांनी आखून दिलेली चौकट नसल्यामुळे ही जोडपी वय, शिक्षण, वंश यांना कमी महत्त्व देतात आणि मोकळेपणाने निवड करतात. ओळखीओळखीतून तीस जोडपी गाठायची, त्यांच्याकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि तितक्याच विवाहित स्त्री-पुरुष जोडप्यांशी तुलना करायची. एवढं पुरेल का, असं विचारलंत.

संख्येकडे मी येतोच. पण तुमची खरी अडचण संख्येची नाही. दोन जोडीदार एकमेकांसारखे आहेत की वेगळे, एवढंच तुम्ही मोजणार आहात आणि त्यावरून त्यांची आवड काय होती ते सांगणार आहात. या दोन गोष्टींमध्ये बरंच अंतर आहे. ताटात काय वाढलंय यावरून जेवणाऱ्याची आवड सांगू नये. बाजारात काय मिळत होतं ते आधी विचारावं.

निरीक्षणाबद्दल तुम्ही चुकलेला नाहीत. क्रिस्टीन श्वार्ट्झ आणि निकी ग्राफ या संशोधकांनी अमेरिकेच्या १९९० आणि २००० च्या जनगणनांचा डेटा वापरून २००९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात समलिंगी जोडीदारांमधलं वय, शिक्षण आणि वंश यांचं साम्य भिन्नलिंगी जोडप्यांपेक्षा कमी आढळलं. त्याआधी २००२ मध्ये जेप्सन आणि जेप्सन यांनी १९९० च्याच डेटावर काम केलं होतं. त्यांचा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे: साम्य सगळ्याच प्रकारच्या जोडप्यांत असतं, समलिंगींत ते तुलनेने सैल असतं. म्हणजे ‘समलिंगी जोडपी हे बघतच नाहीत’ असं वाक्य प्रबंधात आलं तर परीक्षक तिथेच थांबवतील. प्रश्न ‘सैल का?’ हा आहे, आणि त्याला एकच उत्तर नाही.

समाजशास्त्रज्ञ मातैस काल्माइन यांनी १९९८ च्या लेखात जोडीदार-निवडीमागची कारणं तीन गटांत मांडली होती. एक, माणसाची स्वतःची आवड. दोन, तिसऱ्यांचा हस्तक्षेप, म्हणजे कुटुंब, धर्मसंस्था, शासन. तीन, गाठ पडण्याची शक्यता: आसपास कोण आहे, किती जण आहेत, ते कुठे भेटतात. तुमचं गृहीतक दुसऱ्या कारणावर उभं आहे, निष्कर्ष तुम्ही पहिल्याचा काढताय आणि तिसरं पूर्ण सुटलंय. समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत नेमकं तिसरंच सगळ्यात जड असतं.

कसं ते एका काल्पनिक हिशोबात बघा. एखाद्या व्यक्तीच्या आसपास योग्य वयोगटातले, एकटे असे १,००० जण आहेत, निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया. पुरुषाला स्त्री हवी असेल तर साधारण ५०० पर्याय झाले. पुरुषाला पुरुष हवा असेल आणि त्या ५०० पुरुषांपैकी ३ टक्क्यांना पुरुषांमध्ये रस असेल, तर पर्याय १५. आता दोघांनाही एकच चाळणी लावू: शिक्षण आपल्यासारखं हवं (तिघांत एक) आणि वय पाच वर्षांच्या आत हवं (चौघांत एक). पहिल्याकडे चाळीसएक जण उरतात. दुसऱ्याकडे एखाद-दुसरा, तोही त्याला आवडेल याची खात्री नाही. आवड दोघांची तंतोतंत सारखी आहे. तरी दुसऱ्याचा जोडीदार वयाने किंवा शिक्षणाने वेगळा निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाऊ यांनी १९७७ मध्ये हेच सर्वसाधारण नियम म्हणून मांडलं होतं: गट जितका छोटा, तितके त्यातले लोक गटाबाहेर नातं जोडण्याची शक्यता जास्त. त्यात मनाचा मोकळेपणा गृहीत धरावा लागत नाही, नुसता अंकगणिताचा परिणाम आहे.

त्यामुळे तुमच्या डेटात वयातलं अंतर जास्त दिसलं तर तीन स्पष्टीकरणं समोर उभी राहतील आणि फक्त साम्य मोजून त्यांतलं एकही बाद करता येणार नाही. बाद करता यावं म्हणून आणखी काही विचारावं लागतं.

पर्याय किती होते हे थेट विचारता येतं. आताच्या जोडीदाराच्या आधी ज्यांच्याशी गाठीभेटी झाल्या त्या शेवटच्या तीन व्यक्तींचं वय, शिक्षण, भेटण्याची जागा विचारा; नाव नको. ‘त्या काळात महिन्याला साधारण किती नवीन व्यक्तींशी बोलणं व्हायचं?’ असंही विचारा. ज्यांचे पर्याय भरपूर होते आणि तरीही वेगळ्या वयाचा किंवा शिक्षणाचा जोडीदार निवडला, त्यांच्याबाबत आवडीविषयी काहीतरी म्हणता येईल. ज्यांच्यापुढे पर्यायच नव्हते त्यांच्याबाबत नाही.

आवड वेगळी मोजायची असेल तर काल्पनिक प्रोफाइलचा प्रयोग करतात. दोन प्रोफाइल शेजारी शेजारी ठेवायच्या, प्रत्येकीत पाच-सहा गुण (वय, शिक्षण, काम, किती अंतरावर राहतो, घरी सांगितलंय की नाही), गुणांच्या किमती यादृच्छिक पद्धतीने बदलायच्या आणि यातल्या कोणाला भेटाल ते विचारायचं. एका माणसाला आठ जोड्या दाखवल्या तर तो कंटाळत नाही. जोड्या फार वाढवल्या तर शेवटच्या घाईने भरल्या जाण्याचा धोका असतो. इथे बाजार सगळ्यांसाठी सारखा असतो, तो तुम्हीच बनवलेला असतो, त्यामुळे उरतो तो फरक आवडीचा. अर्थात कागदावर निवडणं आणि प्रत्यक्ष निवडणं वेगळं. वंशासारख्या गुणावर लोक शोभेल असं उत्तर देतात, म्हणून असा गुण इतर गुणांच्या गर्दीत ठेवायचा, एकटा नाही.

गाठ कुठे पडली हा प्रश्न तर हवाच. स्टॅनफर्डचे मायकेल रोझेनफेल्ड यांनी २००९ मध्ये अमेरिकेत जोडपी कशी भेटली यावर चार हजारांवर प्रौढांचं सर्वेक्षण सुरू केलं. समलिंगी आणि उभयलिंगी आकर्षण असलेल्यांना त्यात लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा मुद्दाम जास्त घेतलं होतं, नाहीतर विश्लेषणाला पुरतील एवढी जोडपी मिळालीच नसती. नव्याने जुळलेल्या समलिंगी जोडप्यांपैकी निम्म्याहून बरीच जास्त तेव्हाच ऑनलाइन भेटलेली होती. भिन्नलिंगी जोडप्यांत हे प्रमाण २०१७ मध्येही ३९ टक्के होतं. इंटरनेटने आधी पातळ बाजार भरला, मग दाट. पर्याय कमी असणाऱ्यांना त्याची गरज जास्त होती. तुमच्या नमुन्यात ज्यांचं नातं इंटरनेटच्या आधी जुळलं आणि ज्यांचं अ‍ॅपवर जुळलं त्यांना एकत्र मोजलंत, तर दोन वेगवेगळ्या बाजारांची सरासरी हाती येईल. हा प्रश्न मात्र पर्याय देऊन विचारू नका. ‘तुम्ही कसे भेटलात ते तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारा आणि मागाहून वर्गवारी करा. ‘मित्राच्या पार्टीत भेटलो, पण त्याआधी अ‍ॅपवर तीन आठवडे बोलत होतो’ हे उत्तर एका चौकोनात बसत नाही. त्याला दोन्ही खुणा द्याव्या लागतात.

आता तुलना. विवाहित स्त्री-पुरुष जोडप्यांशी तुलना करू नका, निदान फक्त त्यांच्याशी नको. विवाहित म्हटलं की नात्याला समाजाची मान्यता, बहुधा मुलं, वय थोडं जास्त, हे सगळं एकत्र येतं. फरक निघाला तर तो लैंगिकतेचा की विवाहाचा, कळणार नाही. याचं चांगलं उदाहरण जोडपी तुटण्याच्या अभ्यासात मिळतं: रोझेनफेल्ड यांच्याच २०१४ च्या लेखात विवाहित किंवा विवाहासारख्या मान्यताप्राप्त नात्यातल्या समलिंगी जोडप्यांचं वेगळं होण्याचं प्रमाण भिन्नलिंगी विवाहितांसारखंच आढळलं. जो फरक लैंगिकतेचा वाटत होता तो बराचसा विवाह झालाय की नाही याचा होता. तुमची तुलना साधारण त्याच वयाच्या, एकत्र राहणाऱ्या, मूल नसलेल्या, स्वतः जोडीदार निवडलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांशी असली पाहिजे. घरच्यांच्या दबावाचं गृहीतक तपासायचंच असेल तर भिन्नलिंगी जोडप्यांचे दोन गट करा, घरच्यांनी ठरवलेली आणि स्वतः ठरवलेली. समलिंगी जोडपी दुसऱ्या गटासारखीच निघाली, तर तुमच्या म्हणण्याला खरा आधार मिळेल. हा आधार तीस-तीस जोडप्यांच्या साध्या तुलनेतून कधीच मिळाला नसता.

तुलनेची आणखी एक हुशार पद्धत आहे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात जुलै २००० पासून समलिंगी जोडप्यांना सिव्हिल युनियन, म्हणजे विवाहासारखी कायदेशीर नोंदणी, करता येऊ लागली. सॉलोमन, रॉथब्लम आणि बाल्सम या संशोधकांनी पहिल्या वर्षी तशी नोंदणी केलेल्या जोडप्यांना गाठलं, कारण त्या नोंदी सार्वजनिक होत्या. मग त्याच जोडप्यांमार्फत दोन तुलनागट उभे केले: मित्रवर्तुळातली नोंदणी न केलेली समलिंगी जोडपी आणि त्यांची स्वतःची विवाहित भिन्नलिंगी भावंडं. भावंडं घेतली की घरची आर्थिक स्थिती, धर्म, वंश, लहानपणीचं वातावरण हे सगळं आपोआप बरंचसं सारखं होतं. तुमच्यासारख्या छोट्या अभ्यासाला ही रचना फार सोयीची आहे. अट एकच: ज्याने घरी सांगितलेलंच नाही त्याच्या भावंडापर्यंत जाता येत नाही आणि जाऊही नये. म्हणजे या रचनेत घरी सांगितलेलेच लोक येणार. हे प्रबंधात स्पष्ट लिहायचं.

‘समलिंगी जोडपी’ असा एकच गट करणं हीदेखील नेहमीची गल्लत आहे. दोन पुरुषांची जोडी आणि दोन स्त्रियांची जोडी यांत अनेक बाबतींत एकमेकींतच बराच फरक असतो. नॉर्वेत १९९३ पासून आणि स्वीडनमध्ये १९९५ पासून समलिंगी जोडप्यांची नोंदणी होत होती. त्या नोंदींवर अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अभ्यास केला. त्यात पुरुष-जोडप्यांमधलं वयातलं अंतर मोठं होतं, तर वेगळं होण्याचं प्रमाण स्त्री-जोडप्यांत जास्त होतं. दोन्हींची सरासरी काढली असती तर यातलं काहीच दिसलं नसतं. विश्लेषण करताना माणूस हे एकक धरून चार गट करा: पुरुषासोबतचा पुरुष, स्त्रीसोबतची स्त्री, स्त्रीसोबतचा पुरुष, पुरुषासोबतची स्त्री. त्यातून परिणाम स्वतःच्या लिंगाचा, जोडीदाराच्या लिंगाचा, की दोन्ही मिळून, हे वेगळं काढता येतं. आणि जोडपं समलिंगी आहे म्हणून दोघंही स्वतःला गे किंवा लेस्बियन म्हणवतात असं धरू नका. बायसेक्शुअल माणसाच्या पर्यायांचा हिशोब वेगळा असतो, वरच्या १,००० च्या उदाहरणातला त्याचा आकडा १५ नसतो. दोघांनाही स्वतंत्रपणे, स्वतःच्या शब्दांत ओळख विचारा. ट्रान्स आणि नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) व्यक्तींनाही तिथेच जागा मिळते.

मोजमापाकडे वळू, कारण जास्त प्रबंध इथे फसतात.

‘किती टक्के जोडप्यांत दोघांचं शिक्षण सारखं’ हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. समजा एका गटात ६० टक्के लोक पदवीधर आहेत, ४० टक्के नाहीत. डोळे मिटून जोड्या लावल्या तरी ०.३६ अधिक ०.१६, म्हणजे ५२ टक्के जोड्या ‘सारख्या’ निघतील. प्रत्यक्षात ७० टक्के सारख्या असतील तर योगायोगापलीकडे जाण्याची जी ४८ टक्क्यांची जागा होती तिच्यातली १८ भरली, म्हणजे सुमारे ०.३८. दुसऱ्या गटात ९० टक्के पदवीधर. तिथे योगायोगानेच ८२ टक्के सारख्या. प्रत्यक्ष ८८ टक्के असतील तर १८ पैकी ६, म्हणजे ०.३३. वरवर पाहता दुसरा गट जास्त ‘आपल्यासारखा’ शोधणारा वाटतो, ८८ विरुद्ध ७०. हिशोब केला की तो किंचित कमीच निघतो. ओळखीतून जमवलेल्या नमुन्यात सगळे शिकलेले लोक येतात, त्यामुळे हा सापळा तुमच्यासाठी तयारच आहे. डेटा मोठा असेल तर यासाठी लॉग-लिनियर मॉडेल ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरतात. छोट्या डेटाला वरचा ०.३८, ०.३३ असा हिशोब पुरतो; त्याला कप्पा (kappa) गुणांक म्हणतात.

दुसरा सापळा फक्त समलिंगी जोडप्यांतच येतो. स्त्री-पुरुष जोडप्यांच्या तक्त्यात एका रकान्यात पुरुष, दुसऱ्यात स्त्री, प्रश्न मिटला. दोन स्त्रियांपैकी पहिल्या रकान्यात कोण? बहुतेक जण मोठीला पहिल्या रकान्यात टाकतात. तीन जोड्या घ्या: ३० आणि २५, ४० आणि ३५, ५० आणि ४५. मोठी व्यक्ती पहिल्या रकान्यात ठेवून नेहमीचा पिअरसन सहसंबंध काढला तर तो बरोबर १ येतो, जणू प्रत्येक जोडी समवयस्क आहे. खरं तर प्रत्येक जोडीत पाच वर्षांचं अंतर आहे. प्रत्येक जोडी दोनदा, एकदा सरळ आणि एकदा उलटी, भरून सहसंबंध काढला तर तो सुमारे ०.८३ येतो, आणि तोच खरा. ज्याने फॉर्म भरला तो पहिला, हाही उपाय नाही. फॉर्म भरणारा बहुधा जास्त शिकलेला किंवा घर ज्याच्या नावावर आहे तो असतो. दोनदा भरण्याच्या पद्धतीत एक काळजी घ्या: जोडपी तीसच आहेत, साठ नाहीत. सॉफ्टवेअरला ते सांगितलं नाही तर चुकीची मर्यादा (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ती) उगाच लहान दिसते आणि नसलेला फरक ‘लक्षणीय’ ठरतो.

वयाच्या अंतराबाबत एवढंच, की भिन्नलिंगी जोडप्यांत ‘पुरुष किती वर्षांनी मोठा’ हा चिन्हासकट आकडा काढायची सवय असते. त्याची सरासरी आणि समलिंगी जोडप्यांतल्या निव्वळ अंतराची सरासरी यांची तुलना होत नाही. एकीकडे अधिक-उणे एकमेकांना खातात, दुसरीकडे खात नाहीत. दोन्हीकडे निव्वळ अंतरच घ्या, आणि नातं जुळलं तेव्हाच्या वयानुसार गट पाडा. विशीत जुळलेल्या नात्यात दहा वर्षांचं अंतर क्वचित असतं, पंचेचाळिशीत ते सहज येतं.

शिक्षण, धूम्रपान, राजकीय मतं, पगार, यातलं काहीही ‘आज’चं विचारू नका, भेटलात तेव्हाचं विचारा. बरोबर राहून माणसं एकमेकांसारखी होतात. एकाच्या आधाराने दुसऱ्याने पदवी पूर्ण केली असेल, तर ते साम्य निवडीचं नाही. मात्र ‘भेटलात तेव्हा’ म्हणजे कधी, हे आधी ठरवा. विवाहितांकडे लग्नाची तारीख असते, अनेक समलिंगी जोडप्यांकडे अशी एक तारीख नसते. मुलाखतीत आम्ही कागदावर एक आडवी रेघ काढतो आणि चार खुणा करायला सांगतो: पहिली भेट, ‘आपण जोडी आहोत’ असं ठरलं तो काळ, एकत्र राहायला लागल्याची तारीख आणि असल्यास कायदेशीर नोंदणी. दोन्ही गटांकडून याच चार खुणा घ्यायच्या आणि दोन्हीकडे एकाच खुणेपासून काळ मोजायचा. एका गटात लग्नापासून आणि दुसऱ्यात पहिल्या भेटीपासून मोजणारे अहवाल वाचायला मिळतात. त्यांतले नात्याच्या लांबीचे आकडे बाजूला ठेवावेत.

‘मग सरकारी जनगणनेचाच डेटा वापरू का?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. वापरा, पण एक गोष्ट तपासून. समलिंगी जोडपी एकूण जोडप्यांच्या मानाने इतकी कमी असतात की इतरांची किरकोळ चूकही त्यांना गिळते. समजा दर लाख भिन्नलिंगी जोडप्यांमागे खरी समलिंगी जोडपी ८०० आहेत आणि हजारात दोन भिन्नलिंगी जोडप्यांनी चुकून लिंगाच्या रकान्यात भलत्या चौकोनावर खूण केली. झाली २०० खोटी समलिंगी जोडपी, म्हणजे डेटातल्या १,००० पैकी दर पाचवं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत हे प्रत्यक्ष घडलं. आधी समलिंगी जोडप्यांची घरं ९,०१,९९७ मोजली गेली. घरोघरी जाऊन भरलेल्या फॉर्मची मांडणीच अशी होती की चुकीची खूण सहज व्हावी. मग नावांवरून तपासणी केली, म्हणजे त्या राज्यात ते नाव बहुतांश पुरुषांचं असतं की स्त्रियांचं ते पाहून संशयित नोंदी बाजूला काढल्या. सुधारित आकडा आला ६,४६,४६४. ‘विवाहित’ म्हणून नोंदलेल्यांत घसरण आणखी मोठी होती, ३,४९,३७७ वरून १,३१,७२९. खोटी जोडपी प्रत्यक्षात स्त्री-पुरुषांची असल्याने त्यांचं साम्यही तसंच असतं, त्यामुळे त्यांची भेसळ झाली की दोन गटांतला खरा फरक पुसट होतो. शिवाय जनगणनेचं वर्ष बघा. त्याच देशात १९९० मध्ये दोघांनीही एकच लिंग आणि ‘पती-पत्नी’ असं लिहिलं तर कार्यालयात एकाचं लिंग बदललं जायचं; २००० मध्ये लिंग तसंच ठेवून नातं ‘अविवाहित जोडीदार’ केलं गेलं. म्हणजे दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढ’ दाखवता येत नाही. अलीकडे फॉर्मवर ‘समलिंगी जोडीदार’ आणि ‘भिन्नलिंगी जोडीदार’ असे वेगळे पर्याय आल्यापासून ही चूक बरीच आटोक्यात आली आहे.

आणि जनगणना एकाच घरात राहणाऱ्यांनाच जोडपं म्हणून पकडते. जिथे दोन पुरुषांना एकत्र घर घेणं अवघड आहे, तिथे एकत्र राहू शकणारे म्हणजे पैसा, स्वतंत्र नोकरी आणि घरापासून अंतर असलेले. रोझेनफेल्ड यांचा जुना मुद्दा इथे जोडून वाचा: तरुण वयात घरापासून लांब स्वतंत्र राहता येऊ लागलं, तशी आंतरवंशीय आणि समलिंगी दोन्ही प्रकारची जोडपी वाढली. म्हणजे घरच्यांपासूनचं अंतर हे तुमच्या गृहीतकातलं कारण आहेच, पण तेच अंतर कोण तुमच्या नमुन्यात येणार हेही ठरवतं. जन्मगाव आणि सध्याचं राहण्याचं ठिकाण यांतलं अंतर विचारायला विसरू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. एका गटात ७० टक्के जोडपी ‘सारखी’ आणि दुसऱ्यात ८० टक्के, असा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे २९० जोडपी लागतात. तीस जोडप्यांत ७० टक्के निघाले तर चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना १६ टक्क्यांची, म्हणजे खरा आकडा ५४ ते ८६ कुठेही. तोही नमुना यादृच्छिक असेल तर, तुमचा नाही. तेव्हा तीस जोडप्यांवर टक्केवारीचा प्रबंध उभा राहत नाही.

पण तीस जोडपी वेगळ्या प्रश्नाला पुरून उरतात. किंबहुना तीससुद्धा जास्त होतील. ‘किती वेगळे आहेत’ सोडून ‘निवड कशी घडली’ हे विचारलंत, तर बारा ते पंधरा जोडपी चांगली. प्रत्येकाची आधी वेगळी मुलाखत, मग दोघांची एकत्र. तीस जोडपी अशी घेतलीत तर नव्वद बैठका होतात. प्रत्येकी सव्वा तास धरला तर ११२ तासांचं ध्वनिमुद्रण, आणि एका तासाचं शब्दशः टंकन करायला पाच तास तरी जातात. साडेपाचशे तास नुसत्या टायपिंगला. एम.ए.च्या मुदतीत हे बसत नाही. स्वयंचलित लिप्यंतर वापरायचं असेल तर फाइल आपल्याच संगणकावर राहते की बाहेर जाते ते आधी तपासा. बाहेर जात असेल तर या विषयात ते चालणार नाही.

वेगळी मुलाखत आधी, हा क्रम उलटा करू नका. एकत्र बसवलं की दोघं मिळून एक घोटीव गोष्ट सांगतात, जी त्यांनी मित्रांना अनेकदा सांगितलेली असते. वेगवेगळं विचारलं की एक म्हणतो ‘वय मला कधीच महत्त्वाचं वाटलं नाही’ आणि दुसरा म्हणतो ‘माझं वय ऐकून तो दोन महिने गायब होता’. निवडीच्या अभ्यासाचा खरा माल या तफावतीत असतो. ती तफावत एकत्र मुलाखतीत कधीच काढायची नाही, ‘पण हे तर वेगळं म्हणाले’ असं चेहऱ्यावरसुद्धा दिसू द्यायचं नाही. ‘तुमच्यात पतीची भूमिका कोणाची?’ यासारखा प्रश्नही नको. भिन्नलिंगी साचा तुम्हीच त्यांच्यावर चढवता आणि मग तोच निष्कर्ष म्हणून परत मिळतो. घरकाम जाणून घ्यायचं तर कामांची यादी द्या आणि मागच्या आठवड्यात कोणी केलं ते विचारा.

ओळखीतून लोक जमवायला हरकत नाही, पण सुरुवात एकाच मित्रवर्तुळातून करू नका. चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून पहिली जोडपी शोधा: वय वेगळं, शिक्षण वेगळं, अ‍ॅपवर भेटलेली आणि न भेटलेली. प्रत्येक जोडप्याने पुढे जास्तीत जास्त तीन नावं सुचवायची, तीही तुम्हाला नाही. तुमची माहिती त्यांनी पुढे द्यायची आणि इच्छा असेल त्याने तुम्हाला गाठायचं. यामुळे कोणाचं गुपित त्याच्या नकळत तुमच्यापर्यंत येत नाही. हे सगळं करूनही जी जोडपी टिकली आणि दोघांनीही होकार दिला तीच तुमच्यासमोर येतात. तुटलेली जोडपी दिसत नाहीत. शक्य असेल तर गेल्या दोन-तीन वर्षांत नातं संपलेल्या चार-पाच जणांना एकट्याने बोलतं करा. निवडताना काय पाहिलं हे ते जास्त स्पष्ट सांगतात.

शेवटी गोपनीयता, कारण जोडप्यांच्या अभ्यासात ती दुहेरी असते. बाहेरच्या जगाला कोण आहे ते कळू नये, हे सगळेच सांभाळतात. पण प्रबंध जोडीदारही वाचणार आहे, आणि नाव बदललं तरी तो आपल्या माणसाचं वाक्य ओळखतो. दोन महिने गायब झाल्याचं वरचं वाक्य जसंच्या तसं छापलं आणि शेजारी ‘वय ३१, शिक्षक’ असं लिहिलं, तर त्या घरात संध्याकाळी काय होईल याचा विचार करा. त्यासाठी अवतरणाला व्यक्तीचं टोपणनाव जोडा, पण कोणता जोडीदार कोणाचा हे प्रबंधात कुठेच जुळू देऊ नका. व्यवसाय, गाव आणि वर्षं हलवा. संमती शक्यतो तोंडी घ्या आणि मुद्रणाच्या सुरुवातीलाच नोंदवा. सहीचा कागद म्हणजे नावांची यादी, आणि ती हरवू शकते. टोपणनावांची किल्ली मुद्रणांपासून वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा आणि टंकन तपासून झालं की नष्ट करा. एकत्र मुलाखतीनंतर प्रत्येकाला स्वतंत्रपणे आठवडाभराची मुदत द्या: यातलं काही वगळायचं असेल तर कळवा. वगळायला सांगितलं तर कारण विचारू नका.